इंजिनच्या हेडचं काम झालं, आता टेंपरेचरचा काटा नाचतोय. पाण्यात हवा धरलीय की गॅस्केट परत गेलं?

कराडचा_डिझेल

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ४० हजार झालेत. कंपनी-मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जातो. मागच्या महिन्यात चिपळूणवरून येताना कुंभार्ली घाटात रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) फुटला, मला कळेपर्यंत काटा लालच्या वर गेलेला, बॉनेटमधून वाफ. टो करून आणली, हेड (इंजिन ब्लॉकवरचं झाकण) उतरवलं, फेसिंग केलं (त्याचा खालचा फेस घासून सपाट केला), नवीन गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग), नवीन होज. बिल सांगत नाही, घरी पण अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

आता गाडी येऊन आठवडा झाला. मिस्त्रीने नळाचं पाणी भरलंय, म्हणाला हजार किलोमीटर फिरवा मग कूलंट टाकू. प्रॉब्लेम असा की हायवेला ८० ने जाताना काटा पाव भागाच्या वर चढतच नाही, पण सिग्नलला उभी राहिली किंवा चढ लागला की एकदम अर्ध्याच्या वर जातो आणि मग दोन मिनिटात धपकन खाली येतो. डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ गुळगुळ आवाज येतो, माठात पाणी ओतल्यासारखा. हीटर लावला तर कधी गरम कधी गार. कूलंटच्या बाटलीतली लेव्हल सकाळी बरोबर असते, फिरवून आणली की वर आलेली. ऑइल बघितलं, स्वच्छ आहे, धूर नाही.

मिस्त्री म्हणतो गॅस्केट परत बघावं लागेल, हेड पुन्हा उतरवू. माझ्या पोटात गोळा आलाय. हे हेड न उतरवता कसं तपासायचं? नीट क्रमाने सांगा, मी अकाउंटवाला माणूस आहे, पाना हातात धरता येतो एवढंच.

उद्यमनगर_लेथ

दादा, आमचं कोल्हापुरात हेड फेसिंगचं काम आहे, सासरे आणि मी दोघं बघतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगते. हेड परत उतरवायच्या आधी मिस्त्रीला चार गोष्टी विचारा आणि उत्तर देताना तो तुमच्याकडे बघतो की पान्याकडे तेही बघा.

एक, फेसिंगच्या आधी हेडचं प्रेशर टेस्टिंग केलं होतं का. म्हणजे हेडची पाण्याची सगळी भोकं प्लेटा आणि रबर लावून बंद करतात, आत हवा सोडतात आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. बारीक क्रॅक असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ निघते. गरम पाणी यासाठी की गार हेडमध्ये क्रॅक मिटलेली असते, तापल्यावर उघडते. गाडी लालच्या वर गेली होती म्हणताय तर हे न करता नुसतं फेसिंग मारणं म्हणजे आंधळा कारभार.

दुसरं, ब्लॉकचा वरचा फेस सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघितला का. सगळे हेडच्या मागे लागतात, ब्लॉक कोणी बघत नाही. बहुतेक गाड्यांना ०.०५ मिमीच्या आसपासच वाकडेपणा चालतो, म्हणजे डोक्याच्या केसाएवढासुद्धा नाही.

तिसरं, गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, एक, दोन, तीन अशी. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी बदलते आणि ती त्या खाचांवरून ओळखतात. दुकानात होतं ते आणलं असं चालत नाही. आणि काही कंपन्यांच्या डिझेल हेडला फेसिंग मुळात चालतच नाही, मॅन्युअल बघूनच करायचं असतं, तेही विचाराच.

चौथं बोल्ट. आजकालचे बोल्ट अंशात फिरवून ताणायचे असतात, एकदा ताणले की परत वापरायचे नाहीत. आणि बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल साठलेलं असेल आणि तसाच बोल्ट आवळला तर टॉर्क (आवळण्याचा जोर) आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात हेड दाबलं गेलेलंच नसतं, वाईट नशीब असेल तर ब्लॉक पण तडकतो.

या चारही गोष्टी नीट झाल्या असतील तर गॅस्केटवर संशय शेवटी घ्या, आधी नको. तुमचं वर्णन मला हवेचं वाटतंय, पण पाण्याचं काम मी करत नाही, फोरमन काका बोलतील.

सोलापूरी_स्पॅनर

आमच्याकडे बोअरचं पाणी टाकलं तर वर्षात रेडिएटर पांढरा होतो चुलीवरच्या पातेल्यासारखा. नळाचं पाणी हजार किलोमीटर फिरवा म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार. अल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक आणि साधं पाणी, बॅटरीच झाली की ती.

लीक असेल तर हळद टाका 😄 आमचा मामा ट्रकवर होता, त्याच्या डब्यात एक पुडी मिठाची आणि एक हळदीची, हळद रेडिएटरसाठी.

जुना_फोरमन

हळदीवाल्या, हसू नको, ट्रकच्या जाड नळ्यांच्या रेडिएटरमध्ये एक रात्र काढायला ती चालायची. या गाडीत टाकशील तर हीटरची जाळी पहिली बुजेल. असो.

कराडकर, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य सगळ्यांनी सोडलं. हायवेला काटा पाव भागाच्या वर जात नाही. हवा धरलेली गाडी गुळगुळ करेल, काटा नाचवेल, हीटर गार फेकेल, सगळं करेल, पण ८० च्या स्पीडला सतत गार राहणार नाही. सतत गार राहते ती थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नसलेली गाडी, किंवा उघडाच अडकलेला असलेली. माझी पैज आहे, मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून ठेवलाय. आपल्याकडे ही जुनी खोड आहे, गाडी तापली की पहिलं थर्मोस्टॅट काढायचा, म्हणे पाणी मोकळं फिरतं.

मोकळं फिरतं, पण कुठून फिरतं ते बघा. बऱ्याच इंजिनात थर्मोस्टॅटला दोन बाजू असतात. गार असताना रेडिएटरची वाट बंद आणि बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनातच फिरायची, वाट उघडी, तापल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच दांड्यावरची मागची थाळी बायपास दाबून बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायमचा उघडा. मग अर्धं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात गरगर फिरतं. सपाट रस्त्याला वाऱ्यावर भागून जातं, चढाला भागत नाही. म्हणून तुमची गाडी पळताना गार आणि चढताना गरम. त्यात हवा पण आहेच, गुळगुळ त्याचीच.

आता गॅस्केट तपासायचं कसं. पैसे न लागणारी टेस्ट आधी. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी बाटलीचं झाकण उघडून परत बंद करा म्हणजे आतलं प्रेशर शून्य. स्टार्ट करा आणि वरचा जाड होज हातात धरा. पाणी अजून गार आहे, त्यामुळे होज मऊच राहिला पाहिजे. एक-दोन मिनिटातच होज फुगून दगडासारखा झाला तर ते प्रेशर पाण्याचं नाही, सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मऊ राहिला आणि तापत गेला तसा हळूहळू घट्ट झाला तर निम्मी भीती गेली.

पुढची टेस्ट निळ्या पाण्याची. एक नळी असते, त्यात निळं केमिकल, ती बाटलीच्या तोंडावर धरून वरून फुगा दाबत आतली हवा त्या निळ्यातून ओढायची. जळलेला गॅस असला की निळं हिरवट-पिवळं पडतं. दोन गोष्टी सांभाळा, बाटलीतली लेव्हल दोन बोटं कमी करा नाहीतर कूलंट नळीत चढतं आणि टेस्ट वाया, आणि डिझेलला नुसत्या आयडलवर गॅस कमी असतो तेव्हा थोडा रेस देऊन पाच मिनिटं तरी धरा.

तिसरी प्रेशर टेस्ट. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्याला मीटर, बाटलीच्या चुडीला बसेल असा अडॅप्टर लागतो. इंजिन गार. झाकणावर आकडा छापलेला असतो, १.१ किंवा ०.९ बार असा काहीतरी, तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही, उगाच जोर दाखवायला गेलात तर चांगला असलेला हीटरचा कोअर (आतली जाळी) तुम्हीच फोडाल. पंधरा मिनिटं सोडा. काटा हलला नाही तर छान. उतरला तर टॉर्च घेऊन शोधा, सगळे होज, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, थर्मोस्टॅटचं घर, पॅसेंजरच्या पायाखालचं मॅट. कुठेच ओलं नाही आणि काटा मात्र उतरतोय, तर मग पाणी आत जातंय, तेव्हा हेडचा विचार करा. आणि त्याच पंपाने झाकण पण तपासा. झाकण म्हणजे बाटलीचं बूच नव्हे, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक जास्त प्रेशर सोडणारा आणि एक गार होताना हवा आत घेणारा. दहा वर्षं जुनं असेल तर टेस्ट न करता बदला.

आधी थर्मोस्टॅट आहे का बघा आणि इथे येऊन सांगा. तोपर्यंत घाट नको.

कराडचा_डिझेल

काका साष्टांग!!

मिस्त्रीने जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवले होते, मी ती पिशवी उघडली पण नव्हती. आज उघडली, फाटका होज, जुनं गॅस्केट, दहा बोल्ट आणि त्यांच्या मधोमध थर्मोस्टॅट. फोन केला तर म्हणतो साहेब घाटातल्या गाडीला तो लागत नाही. बोल्ट मात्र नवीन टाकलेत हे पिशवीवरून सिद्ध झालं. ताई, हेड टेस्टिंगची पावती पण मिळाली, तुमच्याच गावातली आहे, आणि फेसिंग मॅन्युअलमध्ये बसणारं आहे हेही तिथल्या माणसाने लिहून दिलंय.

सकाळी होजची टेस्ट केली, चार मिनिटं मऊ होता. निळ्या पाण्याचं किट ओळखीच्या एका गॅरेजातून आणलं, सात मिनिटं रेस देऊन धरलं, निळं ते निळंच.

मग उत्साहाच्या भरात आईचं दुधाचं पातेलं घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला आणि गॅसवर पाणी तापवायला ठेवलं. मेव्हण्याची डेअरी आहे, त्याचा थर्मामीटर आणला. थर्मोस्टॅटवर ८८ छापलंय. ८६ पर्यंत काही नाही, मग टिचकी वाजल्यासारखं झालं आणि मधली थाळी हळूच खाली सरकायला लागली, ९६-९७ ला पूर्ण उघडली. भारी वाटलं बघायला, मुलगी पण येऊन बघून गेली. पण गार झाल्यावर पूर्ण बंद झाला नाही, एका बाजूने नखाएवढी फट राहिली. हा बसवू का नवीन घेऊ?

जुना_फोरमन

नवीन. एकदा लालच्या वर गेलेल्या थर्मोस्टॅटवर विश्वास नको, त्याच्या आतलं मेण तापून फुगतं त्यावर सगळा खेळ असतो. बसवताना त्यावरचं लहान भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निसटते. पॅकिंग पण नवीन.

आणि ते पातेलं परत दुधाला वापरू नका. सिरियसली सांगतोय. त्या थर्मोस्टॅटला जुनं कूलंट लागलेलं होतं आणि ते विष असतं.

एडमंटनकर

मूळचा साताऱ्याचा, आता कॅनडात, इथे उणे तीसला गाडी स्टार्ट करावी लागते त्यामुळे कूलंट हा आमचा रोजचा विषय 🙂

मिक्सबद्दल एक चूक सगळे करतात म्हणून लिहितो. धरा तुमच्या सिस्टिममध्ये एकूण ६ लिटर मावतं. फ्लश करून (आतून धुऊन) खालचा होज काढला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये साधारण २ लिटर साधं पाणी राहून जातं. मग तुम्ही ४ लिटर तयार ५०-५० कूलंट ओतता आणि खूश होता. त्यात ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) फक्त २ लिटर, म्हणजे ६ मध्ये २, तेहतीस टक्के. त्यापेक्षा कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणा, आधी ३ लिटर ते ओता, वर जेवढं मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर, आपोआप अर्धं-अर्धं.

आमच्याकडे ५०-५० उणे ३७ पर्यंत गोठत नाही म्हणून टाकतात. तुम्हाला तिकडे गोठायची काळजी नाही पण उकळण्याची आहे. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० ला उकळतं, महाबळेश्वरला ९५ च्या आसपासच, आणि तुमचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो कधी, तर ९६ ला! म्हणजे झाकण ढिलं असलेली साध्या पाण्याची गाडी घाटमाथ्यावर थर्मोस्टॅट पूर्ण उघडायच्या आत उकळली. ५०-५० आणि नीट झाकण असेल तर १२५ च्या पुढेपर्यंत उकळत नाही. गंजाचं औषध असतं ते वेगळंच.

रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं आणि लाल-गुलाबी म्हणजे नवीन असं पूर्वी म्हणायचे, आता प्रत्येक कंपनी मनाला येईल तो रंग घालते. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच, आणि डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं काहीतरी स्टँडर्ड छापलेलं बघून घ्या, नुसतं "कूलंट" लिहिलेलं हिरवं पाणी पण विकतात. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

जुना_फोरमन

बरोबर बोलला. आता भरायचं कसं ते सांगतो, कारण अर्ध्या गाड्या इथेच बिघडतात.

गाडीचं नाक वर पाहिजे, चढावर लावा, मागच्या चाकांना दगड. हीटरचा नॉब पूर्ण लालकडे, ब्लोअर एकवर. फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत) हीटरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. ओतायची घाई करू नका, बारीक धार, मध्येच थांबायचं, वरचा होज हाताने पिळायचा गाईचं दूध काढल्यासारखा, बुड बुड आवाज येईल आणि लेव्हल खाली जाईल. स्क्रूमधून बुडबुडे बंद होऊन सलग धार आली की स्क्रू बंद.

मग झाकण उघडं ठेवून स्टार्ट. तापत आलं की मधून मधून दोन हजार, अडीच हजारापर्यंत रेस. खालच्या होजवर लक्ष, तो बराच वेळ गार राहील आणि मग अचानक गरम होईल, तेव्हा थर्मोस्टॅट उघडला समजा. त्याच वेळी लेव्हल एकदम खाली जाते, तयार राहा ओतायला. तोंड बाटलीवर आणू नका, चष्मा घाला. ढवळून यायला लागलं की झाकण लावा आणि रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत थांबा, एकदा लागून बंद झाला पाहिजे, परत लागून परत बंद. हीटरची हवा एकसारखी कडक गरम आली पाहिजे, हा खरा दाखला.

किती लिटर गेलं ते लिहून ठेवा. तुम्ही अकाउंटवाले, तुम्हाला जमेल. आत राहिलेलं अधिक ओतलेलं यांची बेरीज मॅन्युअलच्या आकड्याशी जुळली नाही तर फरक हवेचा.

पूर्ण गार होऊ दे, सकाळी लेव्हल बघा, थोडी उतरलेली असणारच. क्लॅम्प परत एकदा आवळा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, माझ्या डाव्या हाताच्या मनगटावर १९८९ चा डाग आहे अजून.

उद्यमनगर_लेथ

काढलेलं पाणी गटारात किंवा अंगणात सोडू नका दादा. गोड लागतं ते, कुत्री मांजरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. आमच्या गल्लीत झालंय. कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि वर्कशॉपला द्या.

कराडचा_डिझेल

रिपोर्ट देतो, उशीर झाला, मार्च एंड होता.

रविवारी मेव्हण्याच्या शेडसमोरच्या उतारावर गाडी उलटी लावली, नाक वर. मिस्त्रीला पण बोलावलं होतं, आला, हे त्याचं चांगलं. थर्मोस्टॅट नवीन, पाचशेच्या आत आला, झाकण पण नवीन. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा फ्लश, पहिल्यांदा निघालं ते चहासारखं, आठवडाभरात!! नळाचं पाणी. मिस्त्री काही बोलला नाही.

मॅन्युअलमध्ये ५.८ लिटर. आधी २.९ कॉन्सन्ट्रेट, मग डिस्टिल्ड. स्टार्ट करायच्या आधी एकूण ३.४ लिटरच गेलं आणि मी घाबरलो, काका तुमचं वाक्य आठवून होज पिळत बसलो. अठरा-वीस मिनिटांनी खालचा होज गरम झाला आणि बाटली डोळ्यासमोर रिकामी झाली, आणखी ७०० मिली गेलं. फॅन दोनदा लागला. हीटर असा गरम की मुलगी ओरडून बाहेर पळाली. सकाळी गार असताना अजून १५० मिली. बेरीज ४.२५, म्हणजे आत दीड-एक लिटर फ्लशचं राहिलेलं होतं, ताळेबंद जुळला.

प्रेशर टेस्ट केली तेव्हा मात्र पंधरा मिनिटात १.१ वरून ०.९ वर आला. पोटात परत गोळा. कुठे थेंब नाही. मग टॉर्च घेऊन बघता बघता हीटरच्या मागच्या पाइपच्या क्लॅम्पखाली गिअरबॉक्सवर एक पांढुरका चट्टा दिसला, मीठ वाळल्यासारखा, बोट लावलं तर चिकट. थेंब पडायचा आणि गरम गिअरबॉक्सवर तिथेच वाळून जायचा, म्हणून खाली ओल दिसत नव्हती. क्लॅम्प हेडच्या कामात तिरका बसलेला. सरळ करून आवळला, परत पंप मारला, वीस मिनिटं काटा हललाच नाही.

काल कुंभार्ली चढून आलो, मुद्दाम दुपारी, चार माणसं आणि एसी लावून. काटा मधोमध खिळा ठोकल्यासारखा. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा फॅन बंद पडल्याचा आवाज ऐकून मला एवढा आनंद झाला की बायकोला वाटलं काही बिघडलं.

पातेलं गॅरेजात टांगलंय. आईला नवीन आणून दिलं, तेही बिलात धरलंय.